लाटणं न घरंगळणारी बोट

बोट बघायला जाताना काका पोळपाट-लाटणं घेऊन जायचे. थट्टा करत नाहीये. कापडी पिशवीत, वर्तमानपत्रात गुंडाळून. न्यूझीलंडमधल्या टौरंगाच्या मरीनात, म्हणजे बोटी लावायच्या धक्क्यावर, बोटी विकणारे लोक आधी इंजिन दाखवायचे, मग शिडं, मग ही किती वेगाने जाते आणि मागच्या उन्हाळ्यात हिच्यावरून केवढाले मासे पकडले ते सांगायचे. काका सगळं ऐकून घेत खाली केबिनमध्ये उतरायचे, ओट्यावर पोळपाट मांडायचे, त्यावर लाटणं आडवं ठेवायचे आणि हात काढून घ्यायचे. शेजारून एखादी लाँच गेली की बोट डुलायची आणि लाटणं घरंगळत जमिनीवर. काका ते उचलायचे, शर्टाच्या बाहीला पुसायचे, पिशवीत घालायचे आणि ‘थँक यू व्हेरी मच’ म्हणून निघायचे. विकणाऱ्याला शेवटपर्यंत कळायचं नाही की आपल्या बोटीला नकार नेमका कशासाठी मिळाला.

नकारच म्हणायला हवं, कारण सगळा थाट मुलगी बघायला जाण्याचा होता. एकट्याने जायचं नाही, हा काकांचा नियम. त्यामुळे रविवारी सकाळी आमची वरात निघायची: काका, मी, माझा नवरा आणि कारसीटमध्ये भोकाड पसरलेली आमची मुलगी. दोन हजार तीन-चारची गोष्ट. नवरा पोर्टच्या ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळायचा आणि काका तिथेच क्रेनच्या देखभालीवर इंजिनिअर होते. गावात मराठी घरं सात-आठ. काका जेमतेम पन्नाशीचे, पण केस सगळे पांढरे आणि बोलणं सासऱ्यासारखं, म्हणून आम्हा सगळ्यांचे ते काकाच झाले. त्यांचं नाव इथे लिहीत नाही. त्यांना ते आवडायचं नाही, आणि त्यांना न आवडलेली गोष्ट ते वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात.

आता हे काका कुठले, तर सोलापूरचे. समुद्राशी संबंध शून्य. पोहता येत नव्हतं, आणि त्याची लाज तर नाहीच, उलट ताठा होता. पोहता येणारा माणूस निष्काळजी होतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणून बोट घ्यायचं ठरल्या दिवशी त्यांनी आधी लाइफ जॅकेट घेतलं, भडक केशरी रंगाचं, आणि ते अंगावरून म्हणून उतरलं नाही. पुढे बोटीवर राहायला गेल्यावर तर ते धोतर नेसून, उघड्या अंगावर जॅकेट चढवून पूजेला बसायचे. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हसू आवरेना. काकांनी मान न वळवता सांगितलं की देवाला चालतंय, तुला काय त्रास आहे?

सोलापूरच्या कापड गिरणीत ते इंजिनिअर होते. गिरणी बंद पडली. त्यानंतरची काही वर्षं त्यांनी घरात नुसतं बसून काढली. त्याबद्दल ते कधी सरळ बोलले नाहीत, पण एकदा म्हणाले होते, की माणूस दुपारी बारा वाजता घरात असला की गल्लीतले लोक त्याला नमस्कार करायचं थांबतात. मग अर्ज करून, परीक्षा देऊन, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी हा गृहस्थ न्यूझीलंडला आला आणि पुन्हा साहेब झाला. परत जाऊन पुन्हा दुपारी बाराला घरात बसायची त्यांची तयारी नव्हती.

आणि काकू राहायला तयार नव्हत्या. सगळं घोडं तिथे अडलं होतं.

काकू सुरुवातीला आल्या होत्या. आम्ही यायच्या आधी. काकांनी पापामोआकडे नवीन वस्तीत घर भाड्याने घेतलं होतं. सगळी घरं सारखी, सगळ्यांना मोठमोठी गॅरेजं, आणि सकाळी आठनंतर रस्त्यावर चिटपाखरू नाही. सोलापुरात काकूंचं घर भर रस्त्यावर, खाली सायकलचं दुकान, वर दोन खोल्या. त्या गणिताच्या शिकवण्या घ्यायच्या. जिन्यात चपलांचा ढीग, एक मुलगी उठली की दुसरी बसणार, शेजारीण वाटी घेऊन दारात. अशी बाई आठ महिने त्या गॅरेजवाल्या घरात राहिली. मग भाचीच्या बाळंतपणाला म्हणून गेली ती परत आलीच नाही. भांडण काहीसुद्धा नाही. फोनवर एवढंच म्हणाली, ‘‘तिकडं कोणी येत नाही हो. आणि आलं तर बसत नाही.’’

हे वाक्य काकांनी आम्हाला इतक्या वेळा ऐकवलं की माझ्या मुलीलाही पाठ झालं. आणि खोटं कुठे होतं त्यात? मी स्वतः ते भोगत होते. इथे मराठी माणूससुद्धा फोन करून येतो, साडेसहा म्हटलं की सहा एकोणतीसला बेल वाजवतो, भाजीचं भांडं हातात देतो, जेवतो, आणि आठ वाजले की ‘चला, उद्या ऑफिस’. गाडीची किल्ली तर खिशातसुद्धा घालत नाहीत, समोर टेबलावर ठेवतात. मी त्या किल्लीकडे बघत पोळ्या वाढलेल्या आहेत.

काकांनी यावर इंजिनिअरसारखा विचार केला. माणसं का येत नाहीत? कारण बघण्यासारखं काही नाही, सगळ्यांची घरं सारखीच. मग बघण्यासारखं घर घ्यायचं. रविवारी सहलीला नेता येईल, पाण्यात फिरवता येईल असं घर असलं की लोक आपणहून येतील. लोक आले की काकू येतील. झालं. बोटीची कल्पना निघाली ती अशी. आणि काकूंनी फोनवर विचारलं होतं, की डुलत्या घरात मी पोळ्या कशा लाटू? म्हणून ते लाटणं.

लाँच झाल्या, शिडाच्या यॉट झाल्या. यॉटचं तर काकांना विशेष वावडं. यॉटला बुडाशी खोल कणा असतो, त्यामुळे ओहोटीला पाणी गेलं की ती चिखलात एका कुशीवर कलंडते. ‘पाणी गेलं की आडवं होतं ते घर कसलं?’ म्हणायचे. शेवटी मरीनापासून दूर, खाडीच्या एका कोपऱ्यात, विकायला म्हणून नीट मांडलेलीसुद्धा नाही अशी ती बार्ज सापडली. एके काळी दगड आणि लाकडी खांब वाहायची. सपाट बुडाची, लोखंडी, गंजून तांबडी झालेली. आधीच्या मालकाने तिच्यावर लाकडी खोल्या बांधल्या होत्या आणि मागे एक लहानसं इंजिन बसवलं होतं. दिसायला अगदीच बेढब. मालक स्वतःच म्हणाला, की मजेसाठी बोट हवी असेल तर ही घेऊ नका, हिच्यात मजा काही नाही. काकांनी लाटणं ठेवलं. समोरून एक लाँच सुसाट गेली, लाटा आल्या, बार्जने त्या पोटाखाली घातल्या. लाटणं जागचं हललं नाही. काका माझ्याकडे वळून म्हणाले, ‘‘हिला फोन लाव.’’

तेव्हा फोन लावणं म्हणजे डेअरीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातून, फोनकार्ड आणायचं, नाण्याने त्याचा नंबर खरवडायचा आणि वीस आकडे दाबायचे. मी दाबले. पलीकडून काकू झोपेत म्हणाल्या की बरं, छान झालं, आणि हे जेवलेत का?

सहा महिने काकांनी त्या बार्जवर जीव काढला. गंज खरवडला, रंग दिला, स्वयंपाकघरात कडाप्प्यासारखा काळा दगड बसवला, खिडकीपाशी शिकवणीसाठी म्हणून एक लांब बाक केला.  शिकवणीला कोण येणार होतं तिथे? पण सगळ्यात कडी केली देव्हाऱ्याने. देव्हारा त्यांनी पूर्वेला मांडला. संध्याकाळी बघतात तर देव दक्षिणेला. बार्ज एका नांगरावर उभी, वारा आणि पाणी वळेल तशी तीही वळणार. इतका हुशार माणूस, पण हे काही त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. आठवडाभर झोप लागली नाही त्यांना. काकूंना काय सांगणार, की देव दिवसातून चार वेळा तोंड फिरवतात? मग पोर्टमधून एक निकामी बेअरिंग आणून त्यांनी देव्हारा फिरत्या चकतीवर बसवला, शेजारी होकायंत्र ठेवलं, आणि रोज सकाळी आंघोळ करून, जॅकेट चढवून, आधी देवांना पूर्वेकडे वळवायचं आणि मग पूजा. हे त्यांनी एक दिवस चुकवलं नाही.

पाण्याचं वेळापत्रक मराठी कॅलेंडरशेजारी टांगलेलं असायचं. त्यांना त्याचं अपार कौतुक. सोलापुरात नळाला पाणी कधी येणार हे नगरसेवकालासुद्धा माहीत नसायचं, आणि इथे बघ, समुद्राचं पाणी कधी येणार-जाणार ते वर्षभराचं छापून मिळतं. भरती-ओहोटी हे शब्द ते वापरायचेच नाहीत. ‘आज पाणी बारा चाळीसला जातंय’ असं म्हणायचे. ती खाडीच तशी. पाणी असलं की डिंगीतून, म्हणजे छोट्या होडीतून, पाच मिनिटांत वल्हवत काठावर. पाणी गेलं की बार्ज अलगद चिखलावर टेकायची आणि भोवती मांडीभर चिखल. त्यात ना डिंगी चालणार ना माणूस. पाणी परत येईपर्यंत पाच-साडेपाच तास बार्जवरून कोणी उतरू शकत नसे.

सुरुवातीला लोक खूप आले. काका रविवारी बार्ज सोडायचे आणि आम्हाला बंदरात फिरवून आणायचे. वेग म्हणाल तर बदकं पुढे निघून जायची. बंदराच्या तोंडाशी असलेल्या माउंट डोंगराच्या दिशेने अर्धं अंतर जाईपर्यंत पोह्यांची दुसरी फेरी व्हायची. बाजूने स्पीडबोटी जायच्या, त्यातली पोरं हात करायची, काका जॅकेट सरळ करून गंभीरपणे हात हलवायचे. रात्री काकूंना फोन. आज बारा माणसं होती, भाकरी कमी पडली, अमकीला चटणी आवडली. पण बार्ज बघून झाली, मुलांचे फोटो काढून झाले, की लोकांचं मन भरलं. मग पुन्हा तेच. ‘येतो हो काका, उद्या ऑफिस.’ आणि काका डिंगीचा दोर हातात धरून म्हणायचे, ‘बसा की. पाणी आहे अजून.’

मग तो गणपती आला. इथे गणपती शनिवारी बसतो आणि रविवारी उठतो, तिथीला विचारतं कोण? काकांनी जाहीर केलं की यंदा गणपती बार्जवर. रविवारी सकाळी आरती, मग दारातूनच विसर्जन, मग जेवण, एक वाजता सगळे मोकळे. आम्ही चोवीस जण डिंगीच्या खेपा करत पोचलो. आरती झाली, मंत्रपुष्पांजली झाली, मुलांनी माझ्या मैत्रिणीने घडवलेली मातीची मूर्ती हळूच पाण्यात सोडली. जेवणं लांबली, काका आग्रह करत होते. मसालेभात संपवून कोणीतरी किल्ली शोधत बाहेर गेलं आणि ओरडलं. पाणी नव्हतं. डिंगी चिखलात बसली होती. आणि बार्जपासून चार हातांवर, चिखलात, आमचे बाप्पा. विरघळले नव्हते. नुसते ओलेचिंब, एक कान गेलेला, आमच्याकडे तोंड करून बसलेले.

पहिला अर्धा तास नुसता गोंधळ. एकाला विमानतळावर जायचं होतं, एकीची नाइट शिफ्ट होती. काका वेळापत्रकासमोर उभे राहून कपाळाला हात लावत होते, की मी कालची ओळ वाचली बहुतेक. मग हळूहळू लोकांनी फोन करून कामं पुढे ढकलली, किल्ल्या बाजूला पडल्या, आणि काय सांगू, टौरंगात आल्यापासून अशी दुपार मी बघितली नव्हती. चहा झाला. पत्ते निघाले. नाइट शिफ्टवाली बाई चक्क घोरत पडली. बाप्पा समोर बसलेलेच आहेत तर काय करायचं, म्हणून पुन्हा आरती झाली, पुन्हा प्रसाद. त्या सगळ्यात काकांनी सोलापूरला फोन लावला आणि तो एकेकाच्या हातात देत गेले. बोला, बोला, सांगा तिला, किती जण आहोत सांगा. आम्ही सगळे काकूंशी बोललो. या तुम्ही, फार मजा आहे, असं सगळ्यांनी सांगितलं. माझ्या मुलीनेही ‘काकू, कम ना’ म्हणून सांगितलं.

एकाच गोष्टीने काका खरे अस्वस्थ होते. बाप्पांकडे त्यांना बघवत नव्हतं. दर थोड्या वेळाने कठड्यापाशी जाऊन हात जोडायचे. अंधार पडता पडता पाणी आलं आणि मूर्ती दिसेनाशी झाली, तेव्हा कुठे ते खाली बसले.

घरी जाताना गाडीत नवरा म्हणाला, ‘‘एवढ्या मोठ्या क्रेनची कामं हा माणूस जहाजांच्या आणि पाण्याच्या वेळा बघून लावतो. तो ओळ चुकेल?’’  लोकांना अडकवायचं गणित त्यांनी बरोबर केलं होतं. बाप्पाही अडकतील हे मात्र त्या गणितात धरायचं राहिलं होतं.

पण काकू यायला तयार झाल्या. काका हवेत. जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, टाकून बूट घालायला लागले. डिसेंबरचं तिकीट काढलं, कारण इथे तेव्हा उन्हाळा, ऊन छान, काठावरची पोहुटुकावाची झाडं लाल फुललेली. खाडीत पाणी दिवसभर राहील असे दिवससुद्धा त्यांनी वेळापत्रकात बघून ठेवले, म्हणजे तिला आल्या आल्या चिखल दिसायला नको. सगळं बघितलं. फक्त डिसेंबरात आपली माणसं कुठे असतात तेवढं बघितलं नाही.

डिसेंबरात आपली माणसं इंडियात असतात! शाळांना सुट्टी, तिकडे लग्नसराई, थंडी. आमची तिकिटं जुलैमध्येच काढलेली, भावाचं लग्न होतं. मी काकांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले की तुम्ही जा ना, बाकीचे आहेत की. बाकीच्या सगळ्यांनीही त्यांना तेच सांगितलं होतं आणि सगळ्यांना ते तेच म्हणाले होते. काका स्वतः नाताळात कधी गावाला गेले नव्हते, पोर्टवर तेव्हा गोऱ्यांच्या रजा आणि ह्यांची दुहेरी ड्यूटी, कोणाकडे जायला फुरसतच नाही. त्यामुळे आख्खं मराठी टौरंगा डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात रिकामं होतं, हे वेळेवर त्यांच्या लक्षातच आलं नाही. काकू ज्या आठवड्यात उतरल्या, त्याच आठवड्यात आम्ही सगळे चढलो.

जानेवारी संपताना आम्ही परत आलो. काकू दोन दिवसांनी निघणार होत्या. मी पिशव्या न उघडता मुलीला घेऊन बार्जवर गेले. काका ड्यूटीवर होते. काकू त्या लांब बाकावर बसून शेंगा सोलत होत्या. बारीकशी बाई, चष्मा, केसांत एक लालसर फूल. मी आल्या आल्या माफीच मागायला लागले, तर त्यांनी मला बसवलं आणि सोललेले दाणे माझ्या मुलीच्या हातात दिले. म्हणाल्या, घर चांगलं केलंय. देवसुद्धा फिरते केलेत. लाटणं बिलकुल हलत नाही. आणि मग पुढची शेंग उचलत म्हणाल्या, ‘‘पण मी किती दिवस नुसती न हलणाऱ्या लाटण्याकडं बघत बसू?’’

मी म्हटलं, की तुम्ही गणपतीत यायला हवं होतं, किती माणसं होती, फोनवर बोललो की आपण.

‘‘बोललो ना. मला तेव्हाच कळलं होतं. अडकलेली माणसं आणि बसलेली माणसं, आवाजात फरक असतो गं. मी तीस वर्षं शिकवण्या घेतल्यात. कोणत्या पोरीला आईनं धाडलंय आणि कोणती आपण होऊन आलीय, ते जिन्यातच कळतं.’’

‘‘मग तरी आलात?’’

‘‘त्यांनी इतकी खटपट केली. म्हटलं, जाऊन यावं.’’

त्या रागावलेल्या नव्हत्या. मला वाटतं त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, भांडून काहीतरी निघालं असतं. पण त्यांना काकांचं कळत होतं आणि काकांना त्यांचं कळत होतं, आणि त्यामुळे त्यातून काही तोडच निघत नव्हती. दोन दिवसांनी काका त्यांना डिंगीतून काठावर घेऊन गेले, ऑकलंडला विमानात बसवून आले आणि दुसऱ्या दिवशी कामावर हजर झाले.

नंतरची वर्षं काकांनी बार्जवरच काढली. पण आता माणसंच कमी होत गेली. दोन घरं सिडनीला गेली, एक पामर्स्टन नॉर्थला, बाकीची ऑकलंडला. नवीन आलेल्यांना बार्जवाले काका म्हणजे एक गंमत, एकदा बघून यायची. त्यांच्या शेजारी, थोड्या अंतरावर, एक म्हातारा गोरा यॉटवर एकटा राहायचा. ओहोटीला त्याची यॉट कलंडायची आणि तो तसाच तिरका बसून चहा प्यायचा. काका आपल्या सपाट बार्जवर सरळ बसून चहा प्यायचे. मध्ये चिखल. दोघं चहाचे मग उंचावून एकमेकांना दाखवायचे आणि मग आपापला चहा प्यायचे. वर्षानुवर्षं शेजार, पण काका सांगायचे की त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

मी जायचे. अधूनमधून, एकटी, मुलीला शाळेत सोडून. भाकरी थापण्याचा आवाज काठावरूनच ऐकू यायचा. ते मला बोलावताना वेळ सांगायचे, ‘साडेदहाला ये’, आणि मी घरी कॉम्प्युटरवर टाइड बघून घ्यायला शिकले होते. साडेदहा म्हणजे बाराला पाणी जाणार. मग मुलीच्या शाळेचं जमत असेल तर जायचं आणि अडकायचं. त्यांनी कधी कबूल केलं नाही आणि मीही कधी तोंडावर बोलले नाही. अडकल्यावर ते कपाळाला हात लावायचे आणि मी ‘अरे देवा’ म्हणायचे. एवढं आमचं चालायचं.

दोन हजार नऊमध्ये नवऱ्याला ऑकलंडला नोकरी लागली आणि आम्ही तिथल्या बॉटनी डाउन्सला घर घेतलं. निघायच्या आदल्या दिवशी, रविवारी, काकांनी जेवायला बोलावलं. अकराला या म्हणाले. मी टाइड बघितली. पाणी दोनच्या सुमाराला जाणार होतं. घरात खोके उघडे पडलेले, ट्रकवाला चारला यायचा होता. नवरा म्हणाला की जेवू आणि दीडला निघू, काही झालं तरी.

काकांनी ज्वारीची भाकरी, शेंगांची चटणी, मुलीसाठी शेवयांची खीर केली होती. मुलगी आता आठ वर्षांची, सगळं समजायची पण उत्तर इंग्लिशमध्ये. तिने देव्हारा दोन वेळा गोल फिरवून बघितला, काकांनी फिरवू दिला. काकूंची चौकशी केली तर म्हणाले, ठीक आहे, गुडघे धरलेत. मी विचारलं की आज फोन झाला का. तर म्हणाले की आता कोण आलं, किती बसलं, ते तिला सांगत नाही. ‘‘सांगितलं की तिला वाटतं, आपण जायला हवं. उगाच कशाला तिच्या जिवाला घोर?’’

आणि मग, सव्वा वाजता, माझ्या हातात खिरीची वाटी असताना, काका उठले, बाहेर जाऊन पाणी बघून आले आणि डिंगीचा दोर सोडायला लागले.

‘‘निघा आता,’’ म्हणाले. ‘‘पाऊण तासात पाणी जाईल.’’

इतक्या वर्षांत हे वाक्य त्यांनी कोणालाही म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. मी नवऱ्याकडे बघितलं. त्याच्या हातात किल्ली होती. तो किल्लीकडे बघत राहिला, मग ती त्याने काढून देव्हाऱ्याशेजारी, त्या होकायंत्राजवळ ठेवली आणि खिशातून फोन काढून ट्रकवाल्याला उद्या सकाळी यायला सांगितलं. ट्रकवाला ‘स्वीट ॲज’ म्हणाला, म्हणजे काही हरकत नाही. एवढं सोपं होतं ते.

काका दारात उभेच. ‘‘अरे, खरंच जाईल पाणी. मी सांगतोय ना. नीट वाचलंय मी.’’

‘‘माहितीये काका,’’ मी म्हटलं. ‘‘मीही वाचून आलेय. अजून थोडी खीर आहे का?’’

त्यांनी दोर परत बांधला. बराच वेळ लावला त्या गाठीला. मग आत येऊन मला खीर वाढली, स्वतः घेतली. पाणी गेलं, बार्ज चिखलावर टेकली. पलीकडे म्हाताऱ्याची यॉट हळूहळू कलंडली. मुलगी बाकावर झोपून गेली. काकांनी जॅकेट काढलं आणि खुंटीला अडकवलं. बार्जवर त्यांना नुसत्या शर्टात मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं, फारच बारीक दिसले. मग ते म्हणाले की तिकडे आता सकाळ झाली असेल, आणि त्यांनी फोन लावला. यावेळी तो कोणाच्या हातात दिला नाही. खिडकीपाशी पाठमोरे उभे राहून स्वतःच बोलत होते, हळू आवाजात. आमचं नाव सांगितलं. जेवणात काय केलं ते सांगितलं. मग पलीकडून काकूंनी काहीतरी विचारलं असावं, कारण ते मागे वळून आमच्याकडे बघत म्हणाले,

‘‘नाही गं. अडकले नाहीत. बसलेत.’’